‘हँड’ शिकवण्याचा अधिकार

‘शॉर्टहँडेड’ या शब्दाचा बाळंतपणाशी काय संबंध, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. बहारीनमधल्या एका इस्पितळात मात्र तो होता. हा एक शब्द कळला नाही म्हणून तिथे एका रशियन सुईणीला नोकरी नाकारली गेली, आणि त्यामुळे ती माझ्या वर्गात येऊन बसली. पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा तिशीच्या आत होते. कोल्हापूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, बी.एड. केलं आणि लग्न होईपर्यंत इस्लामपूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. माझे यजमान अस्करजवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. एकोणऐंशीच्या सुमारास त्यांना फॅमिली व्हिसा मिळाला आणि मी बहारीनला आले. मनामात कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर आमची दीड खोली होती. हे शिफ्टला गेले की घरात मी आणि खिडकीतला घरघरणारा एसी. आता जिथे मोठाले मॉल उभे आहेत त्या सीफच्या बाजूला तेव्हा नुसतं पाणी आणि भरावाची माती होती. जायचं म्हटलं तरी जाणार कुठे? असे काही महिने काढल्यावर शेजारच्या भाभींनी मला एक बातमी दिली. भाभी रत्नागिरीच्या, त्यांचे मियाँ एका शिपिंग कंपनीत क्लार्क होते. त्या म्हणाल्या, बाजारात घड्याळाच्या दुकानावर इंग्रजी शिकवण्याची एक संस्था आहे आणि तिथे संध्याकाळच्या वर्गाला बाई हव्या आहेत.

संस्थेचा मालक आणि मॅनेजर एकच, एक इंग्रज गृहस्थ. पूर्वी कुठल्याशा पलटणीत शिक्षक होते म्हणे. इंग्रजी कुठे शिकलात, असं त्यांनी मला विचारलं. कोल्हापूरला म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, तिथे मिशनची शाळा होती का. मी सांगितलं, नाही, मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. त्यांनी भुवया उंचावल्या, पण आधीचा शिक्षक रजेवर गेला तो परतलाच नव्हता, त्यामुळे मला घेतलं. वर्षभर मी तो वर्ग चालवला. बँकेतले बहारीनी क्लार्क, विमानतळावरचा एक स्टोअरकीपर, बाजारातल्या दुकानदारांची मोठी मुलं असे सगळे यायचे. एकाचीही तक्रार आली नाही.

रशियन सुईण आली ती वर्षाच्या शेवटी. तिचं नाव मी इथे घेत नाही. मनात मी तिला सुईणबाईच म्हणायचे. उंच, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेली. तिचा नवरा बहारीनी डॉक्टर. तो मॉस्कोत शिकायला गेला आणि हिच्याशी लग्न करून परतला. दोघं जिदहफ्सला सासूच्या घरी राहायची. सासूबरोबर स्वयंपाकघरात वावरून हिचं अरबी छान झालं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. इंग्रजी मात्र शाळेतल्या पुस्तकापुरतं.

नवीन माणसाला मी वर्गात विचारायचे की इंग्रजी कशासाठी शिकायचंय. तिने उभं राहून, एकेक शब्द जुळवत सांगितलं. आपल्या गावी तिने आठ वर्षं बाळंतपणं केली होती. इथल्या इस्पितळात ती मुलाखतीला गेली. मेट्रन इंग्रज होती. ती म्हणाली, आमचा वॉर्ड सध्या अगदी शॉर्टहँडेड आहे. हिला वाटलं, शॉर्टहँड, म्हणजे लघुलेखन, येतं का विचारतायत. तिने सांगितलं, मला शॉर्टहँड येत नाही, मी टायपिस्ट नाही, मी सुईण आहे. मेट्रन आणि शेजारी बसलेला डॉक्टर हसले. बराच वेळ हसले. मग मेट्रनने कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, आधी इंग्रजी सुधारून या.

वर्गातही दोघंतिघं हसले. ती हसली नाही. सांगून झाल्यावर ती खाली बसली आणि पेन उघडून माझ्याकडे पाहत राहिली. त्याच क्षणी मी ठरवलं की पुढचा आठवडाभर या वर्गात फक्त ‘हँड’ शिकवायचा.

इंग्रजांनी या एका शब्दाचं काय काय करून ठेवलंय. मदतीला हँड, कामगाराला हँड, घड्याळाच्या काट्याला हँड, पत्त्यांच्या डावाला हँड. आम्हा मराठी माणसांना शिकताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत आपला सगळा हातच. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे, आर्म वेगळा आणि हँड वेगळा. सुईणबाई म्हणाली, रशियनमध्येही तसंच, सगळ्याला मिळून एकच शब्द. तिथून आमचं जुळलं. ती कुठे अडखळणार हे मला आधीच कळायचं, कारण शाळेत असताना मीही तिथेच अडखळले होते.

मग मी तिला शॉर्टहँडेड समजावला. कामाला माणसं कमी पडली की इंग्रज हात कमी पडले म्हणतो. मराठीतही आम्ही म्हणतो, चार हात कमी पडतायत. हे ऐकून तिने रशियनमधले शब्द उच्चारले आणि त्यांचा अर्थ सांगितला. त्यांच्याकडेही अगदी हेच म्हणतात, हात पुरत नाहीत. तिच्या वॉर्डात दर हिवाळ्यात हे वाक्य ऐकू यायचं. म्हणजे ज्या गोष्टीवरून तिला हसून बाहेर काढलं, ती तिला जन्मापासून माहीत होती. तिचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, “त्यांनी एकदाच, हळू, पुन्हा म्हणायला हवं होतं. फक्त एकदा.”

मला तर त्या मेट्रनपुढे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

त्या आठवड्यात वर्गाला जी रंगत आली तशी पूर्वी कधी आली नव्हती. ‘आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर गेलेलं, हे मला शिकवावंच लागलं नाही, मराठीत ते जसंच्या तसं आहे. पण सुईणबाईने वाक्य लिहिलं, माझं इंग्रजी आउट ऑफ हँड आहे. रशियनमध्ये ‘हातांतून बाहेर’ असं काहीसं म्हणतात, त्याचा अर्थ अतिशय वाईट. मी फरक सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा हसली. त्यांच्याकडे हयगय करून केलेल्या कामाला ‘बाह्या खाली सोडून’ केलेलं म्हणतात, हे तिने सांगितलं. मी सांगितलं, आम्ही नेटाने काम करायचं असलं की बाह्या सरसावतो. एका बँकवाल्याने सांगितलं की अरबीत हात लांब असलेला माणूस म्हणजे चोर. स्टोअरकीपर म्हणाला, मग आमच्याकडे बऱ्याच जणांचे हात लांब आहेत. सगळा वर्ग हसत होता, फळा भरून गेला होता आणि प्रत्येकाच्या वहीत इंग्रजी वाक्यं उतरत होती.

नेमके तेव्हाच मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. संस्थेत भिंतीवर पाटी होती, वर्गात फक्त इंग्रजी बोला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. तुमच्या वर्गात बाजार भरतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, बाजार नाही, माणसं स्वतःच्या भाषेला धरून इंग्रजीपर्यंत चालत येतात. त्यावर त्यांनी खरी गोष्ट काढली. त्यांना आता एक ‘नेटिव्ह स्पीकर’ मिळाली होती. इथल्या एका बँकेतल्या साहेबाची बायको, नुकतीच इंग्लंडहून आलेली. विद्यार्थ्यांना अस्सल माल हवा असतो, असं ते म्हणाले. कुणा विद्यार्थ्याने तक्रार केली आहे का, असं मी विचारलं. नाही, म्हणाले. त्या बाईंनी शिकवण्याचं काही शिक्षण घेतलंय का? त्यावर ते हात पसरून म्हणाले, “इट्स आउट ऑफ माय हँड्स.”

संस्था त्यांची, खुर्ची त्यांची, निर्णय त्यांचा, आणि म्हणे माझ्या हातात नाही. मी त्याच वर्गात आठवडाभर शिकवलेला शब्द त्यांनी माझ्याच तोंडावर फेकला, आणि तोही खोटा. वर त्यांनी मला सकाळच्या वेळात ऑफिसच्या काउंटरवर टायपिंगचं काम देऊ केलं. मी सांगितलं, मी टायपिस्ट नाही, मी शिक्षिका आहे. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की हेच वाक्य सुईणबाईने मेट्रनला सांगितलं होतं.

हे शिफ्टवरून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, इथे असंच असतं. सोडून दे. व्हिसा माझ्या कंपनीचा आहे, उगाच कुठे बोलायला जाऊ नकोस.” मला त्यांचाही राग आला. मी ताट वाढलं. जेवण अर्धं झाल्यावर ते म्हणाले, “माझ्या हाताखाली शिकून गेलेलं पोरगं आज माझा फोरमन आहे, गोरा आहे म्हणून. राग मलाही येतो. तो मी अस्करलाच ठेवून येतो, म्हणून घरी घास उतरतो.” मी त्यांना आमटी वाढली. पण मला माझा राग कुठे ठेवून यायला जागाच नव्हती, मी तर घरातच होते.

पंधराएक दिवसांनी दुपारी दारावर थाप पडली. सुईणबाई उभी होती. घड्याळवाल्याकडून पत्ता काढून आली होती. तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. ‘हँड’वरचा तो कागद त्या आठवड्यात वर्गात वाटायला मीच केला होता, सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल माझ्याच हाताने कापलेलं. कुठला वाक्प्रचार कुठे वापरायचा, अरबी माणूस कुठे चुकेल, रशियन माणूस कुठे चुकेल, सगळं त्यात होतं. खाली कोपऱ्यात मी माझं नाव टाकलेलं होतं. आता त्या जागी कोरा पट्टा होता. नवीन बाई तोच कागद वर्गात वाचून दाखवत होत्या. हा शब्द असा का, असं कुणी विचारलं की म्हणत, ते आपोआप जाणवायला लागतं. सुईणबाई म्हणाली, “मला जाणवायला वेळ नाही. मला कळायला हवं आहे.” ती वर्ग सोडून आली होती.

मी कागद परत परत बघत होते. माझी नोकरी गेली हे एक वेळ समजू शकले असते. पण माझं काम चांगलं होतं म्हणून ठेवलं आणि मी चांगली नाही म्हणून काढलं, हे कुठल्या न्यायाने?

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग माझ्या स्वयंपाकघरात भरू लागला. ती जिदहफ्सहून टॅक्सीने यायची, येताना सासूच्या बागेतला खजूर आणायची. मी पोहे करायचे. ती खुर्चीवर, मी ओट्याला टेकून. मी मेट्रन व्हायचे आणि तिला तिरके तिरके प्रश्न विचारायचे. पेशंट इज इन गुड हँड्स, म्हणजे काय? शिफ्ट संपल्यावर पुढच्या नर्सला हँड ओव्हर करताना काय काय सांगशील? ती उत्तर द्यायची, चुकायची, पुन्हा द्यायची. मध्येच कंटाळली की अरबीत म्हणायची, खलास, आता चहा. भिंतीपलीकडून भाभी ऐकायच्या, आणि काही दिवसांनी त्याही पोळ्यांचं पीठ मळत आमच्यात येऊन बसायला लागल्या.

अशाच एका सकाळी आणखी एक बाई जिना चढून आल्या. सुईणबाई गेली होती. दारात घामाघूम झालेल्या एक गोऱ्या बाई उभ्या होत्या. गल्लीत गाडी येत नाही म्हणून चालत आल्या होत्या. माझ्या जागी आलेल्या त्या याच. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा दिला, पण मनातून मी कडक झाले होते. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आयुष्यात त्यांनी कधी शिकवलेलं नाही, लग्नाआधी त्या एका दुकानात कामाला होत्या. अर्ध्याहून जास्त लोक वर्ग सोडून गेले होते. तो कागद मी त्यांना समजावून द्यावा, एवढीच त्यांची विनंती होती.

मी विचारलं, “त्यावरचं माझं नाव कुणी काढलं?”

त्यांना ते माहीतच नव्हतं. त्या खरोखर ओशाळल्या, हे मला दिसलं. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या, आणि त्यामुळे माझी चिडचिड जास्तच झाली. वाईट असत्या तर दार लावून घेता आलं असतं. मी सांगितलं, माझं नाव परत छापा आणि माझा वर्ग मला परत द्या, मग तुम्हाला काय हवं ते मी शिकवेन. त्या म्हणाल्या, मी मॅनेजरशी बोलते. त्या बोलल्या असाव्यात, कारण दोन दिवसांनी मॅनेजरचा निरोप आला.

मी गेले. निरोपाचा अर्थ त्यांनी समोर बसून फोड करून सांगितला. वर्ग त्या बाईंचाच राहील. मी बाजूला बसायचं, त्यांची असिस्टंट म्हणून. विद्यार्थ्यांना काही अडलं तर मी समजावून सांगायचं. कागदावर संस्थेचं नाव छापलं जाईल, कुणाचंच नको. यात दोघींचाही मान राहतो, असं त्यांना वाटत होतं.

मी म्हटलं, “ज्याला शिकवता येतं तो मदतनीस आणि ज्याला येत नाही तो शिक्षक, हे मला कुठल्याच भाषेत समजावता येणार नाही.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दुसरी बैठक असल्याचं सांगितलं. मी परत त्या जिन्यावर पाय ठेवला नाही.

सुईणबाईची दुसरी मुलाखत त्यानंतर महिन्याभराने झाली. आदल्या दिवशी तिने माझ्यासमोर सगळी उजळणी केली, एक चूक झाली नाही. मुलाखतीहून ती थेट माझ्याकडे आली. मेट्रन तीच होती. या वेळी कुणी हसलं नाही. तिला सगळं कळलं, तिने सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी मेट्रनने विचारलं, इंग्रजी कुणाकडे शिकलात. हिने सांगितलं, एका इंडियन टीचरकडे. मेट्रन म्हणाली, तरीच तुमचे उच्चार असे आहेत. आणि तिला नोकरी दिली, पण सुईणीची नाही. वॉर्डातली मदतनीस म्हणून, सुईणींच्या हाताखाली. वर्षभराने उच्चार सुधारले तर बघू.

मी तिला सांगितलं, घेऊ नकोस ही नोकरी. मी नाही म्हणून आले, तूही नाही म्हण. आठ वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईने दुसऱ्यांना टॉवेल आणून द्यायचे? तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाली, “टीचर, तुला घरी बसूनही इंग्रजी येतच राहील. मी आणखी एक वर्ष घरी बसले तर माझे हात विसरतील.”

तिने नोकरी घेतली. मी तिच्यावर काही दिवस रुसले होते, तिच्यावर की तिला असं वाकायला लावणाऱ्यांवर, ते मला नीट सांगता येणार नाही. वर्षाच्या आतच तिला सुईण म्हणून घेतलं, कारण वॉर्डात खरोखरच हात कमी पडत होते. तिचे उच्चार होते तसेच राहिले. त्याबद्दल नंतर कुणी काही विचारलं नाही, म्हणजे आधी विचारायचंही कारण नव्हतं.

माझ्या स्वयंपाकघरातला वर्ग पुढे वाढत गेला. भाभींनी त्यांच्या ओळखीच्या रत्नागिरी-रायगडकडच्या बायका आणल्या, कुणाचे नवरे ड्रायव्हर, कुणाचे फिटर. बँकेतले दोघं तर शुक्रवारी सकाळी यायला लागले. पुढे मला एका भारतीय शाळेत कायमची नोकरी मिळाली. त्या संस्थेची जाहिरात मात्र मला इंग्रजी वर्तमानपत्रात दर काही महिन्यांनी दिसायची, शिक्षक पाहिजेत, फक्त नेटिव्ह स्पीकर. मी ती प्रत्येक वेळी वाचायचे आणि प्रत्येक वेळी चहा गार व्हायचा.

आमची मुलगी तिथेच जन्मली आणि तिथेच शाळेत गेली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. नऊ-दहा वर्षांची असेल, एकदा मी फोनवर तिच्या वर्गशिक्षिकेशी बोलत होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, मम्मी, तुझं इंग्लिश किती इंडियन आहे, मला लाज वाटते.

मी तिला समोर बसवलं आणि हे सगळं पहिल्यापासून सांगितलं, शॉर्टहँडेडपासून कोऱ्या पट्ट्यापर्यंत. आवाज चढला होता माझा, हे मला कळत होतं. हे आतल्या खोलीतून येऊन दाराशी उभे राहिले, पण मध्ये पडले नाहीत. मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर तिने इंग्रजीत विचारलं, मग तू त्या माणसाला काय केलंस?

काही केलं नाही, मी म्हटलं. काही करता येत नव्हतं.

ते तिला पटलं नाही. अजूनही तिला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.